पुतळा कोणाचा?

पणजीहून मांडवी ओलांडून म्हापशाच्या वाटेला लागले की पर्वरी येते. ‘ओ कोकेरो’ हे तेथील एक नावाजलेले उपाहारगृह. मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांनी ६ एप्रिल १९८६ च्या रात्री चार्ल्स शोभराज या नामचीन गुन्हेगाराला येथेच पकडले. ही घटना जगभर गाजली आणि पुढे तिची आठवण म्हणून त्या उपाहारगृहात एक पुतळा बसवण्यात आला. तो झेंडे यांचा असेल, असे भोळ्या माणसाला वाटेल. पण पुतळा बसवला गेला तो शोभराजचा. पकडणारा आपल्या वाटेने निघून गेला. पकडला गेलेला मात्र खुर्चीवर कायमचा बसून राहिला.

व्यापारी माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक कोणाला पाहायला येते, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. प्रश्न त्याचा नाही, आपला आहे. गुन्ह्याची प्रत्येक कथा, मग ती कादंबरी असो, चित्रपट असो की वर्तमानपत्रातली बातमी, आपल्या मनात कोणाचा ना कोणाचा पुतळा बसवत असते. तो कोणाचा, हे तपासणे टीकाकाराचे काम आहे. ५ सप्टेंबर २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा हिंदी चित्रपट आला. त्याचे लेखक-दिग्दर्शक चिन्मय मांडलेकर मराठी. मनोज बाजपेयी यांच्याभोवतीची भालचंद्र कदम, गिरिजा ओक, सचिन खेडेकर ही मंडळीही आपलीच. बऱ्याच घरांतून तो आबालवृद्धांनी एकत्र बसून पाहिला. तेव्हा त्याच्या निमित्ताने हा प्रश्न थोडा उलगडून पाहायला हरकत नाही.

आधी मूळ हकीकत लक्षात घ्यावी. शोभराजचा जन्म ६ एप्रिल १९४४ चा, सायगावचा. बाप हिंदुस्थानी, आई व्हिएतनामी, नागरिकत्व फ्रान्सचे. १९७० नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेतील तरुण मुले पाठीवर पिशवी टाकून काबूल, दिल्ली, काठमांडू, बँकॉक असा प्रवास करीत. त्यांच्याशी गोड बोलून ओळख करावी, पेयातून औषध द्यावे, पैसा आणि पासपोर्ट काढून घ्यावेत, आणि वेळ पडल्यास जीवही घ्यावा, असा त्याचा व त्याच्या साथीदारांचा धंदा होता. टोळी लहान, पण कारभार अनेक देशांत पसरलेला. ज्याचा पासपोर्ट चोरायचा त्याचेच नाव लावून पुढच्या देशात उतरायचे. म्हणजे मेलेला मनुष्य कागदोपत्री प्रवास करीत राही आणि मारणारा त्याच्या नावाआड लपून राही.

१९७१ मध्ये झेंडे यांनी त्याला मुंबईत एकदा पकडले होते. तो निसटला. १९७६ मध्ये दिल्लीत फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला त्याने गुंगीचे औषध दिले. त्याचा हिशेब चुकला, आणि जी मुले शुद्धीवर होती त्यांनीच त्याला धरून ठेवले. मग तिहार. १६ मार्च १९८६ रोजी पहारेकऱ्यांना औषध घातलेली मिठाई खाऊ घालून तो तुरुंगातून बाहेर पडला. सगळ्या देशाचे पोलीस कामाला लागले. मुंबईत या माणसाचा चेहरा ओळखणारा एक अधिकारी होता, म्हणून पंधरा वर्षांनी पुन्हा झेंडे यांच्याकडे काम आले.

माग गोव्याचा लागला. गोवा त्या वेळी केंद्रशासित प्रदेश होता; ३० मे १९८७ रोजी तो राज्य झाला. मुंबईच्या पोलिसांच्या दृष्टीने ती परकी हद्द. गणवेश नाही, ओळखीचे ठाणे नाही, आणि समोरचा मनुष्य पोलिसाचा वास दुरून ओळखणारा. निवडक सहकाऱ्यांसह झेंडे तेथे साध्या कपड्यांत वावरत होते. पर्वरीच्या या उपाहारगृहातून परदेशी दूरध्वनी करण्याची सोय होती, म्हणून परक्या पाहुण्यांची तेथे ये-जा असे. सापळा तेथेच लावला. तो साधीदार घेऊन आला, बसला, आणि झेंडे यांनी मागून जाऊन त्याला मिठी घातली. जवळ बेड्या नव्हत्या. उपाहारगृहातली दोरी मागून त्याला बांधले, असे झेंडे यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. त्या दिवशी शोभराजचा बेचाळिसावा वाढदिवस होता.

या हकीकतीत पाठलाग जवळजवळ नाही, गोळीबार नाही, तळघर नाही की फसवा दरवाजा नाही. मराठी रहस्यकथेच्या वाचकाला ती म्हणूनच थोडी निराश करील. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड, धनंजय यांनी आमच्या बीड-अंबाजोगाईकडच्या वाचनालयांपर्यंत मजल मारली, आणि पुष्कळांना वाचनाची गोडी तेथेच लागली. ते उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या परंपरेने वेषांतराची एक कल्पना आपल्या मनात रुजवली: खोटी दाढी, बदललेला आवाज, आणि ऐन क्षणी मुखवटा फेकून प्रकट होणारा तेजस्वी पुरुष. तेथे वेषांतर हा एक चमत्कार असतो. वाचक त्या प्रकट होण्याची वाट पाहत असतो.

कौटिल्याला हे पटले नसते. अर्थशास्त्रात त्याने गूढपुरुषांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत तापस आहे, कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या रूपातला हेर आहे. पण त्यांच्याच ओळीत गृहपतिक आहे, म्हणजे उपजीविका गेलेला शेतकरी, आणि वैदेहक आहे, म्हणजे धंदा बसलेला व्यापारी. यांना दाढी चिकटवावी लागत नाही. शेतकरी शेतच करतो, व्यापारी दुकानच चालवतो, आणि डोळे उघडे ठेवतो. हेराने कोणी तरी वेगळे दिसावे असे नसून त्याने कोणीच नसल्यासारखे दिसावे, हे त्या जुन्या शास्त्रकाराचे मर्म. बहिर्जी नाईकांच्या कथा आपण सोंगांसाठी ऐकतो. पण सोंग वठले की ते सोंग आहे हे कोणाला कळतच नाही, आणि तसे वठले तरच हेर जिवंत परत येतो.

या दृष्टीने पर्वरीच्या त्या टेबलाकडे पाहावे. वेषांतर दोघांनीही केले होते. एकाचे वेषांतर आपण फार मोठे कोणी आहोत असे भासवण्याचे: रत्नांचा व्यापारी, जगाचा प्रवासी, बायकांना भुरळ घालणारा रुबाबदार साहेब. दुसऱ्याचे वेषांतर आपण कोणीच नाही असे भासवण्याचे. पहिल्याला दहा नावे आणि दहा पासपोर्ट लागले. दुसऱ्याला मध्यमवर्गीय मराठी माणसाचा चेहरा पुरला. असल्या चेहऱ्याकडे शोभराजसारख्या माणसाने कधी लक्षपूर्वक पाहिलेच नसावे. तो श्रीमंत पाहुण्यांचे चेहरे वाचण्यात तरबेज होता. झेंडे यांचे यश या दुर्लक्षाचा फायदा घेण्यात आहे. ही गोष्ट नुसत्या शौर्याची नाही, धीराची आहे, आणि धीर ही पडद्यावर दाखवण्यास सर्वांत अवघड वस्तू.

अवघड म्हणूनच बहुतेकांनी ती टाळली आणि गुन्हेगाराकडे धाव घेतली. शोभराज तुरुंगात असतानाच, १९७९ मध्ये, त्याच्यावर इंग्रजीत दोन जाडजूड पुस्तके निघाली. एकाचे नाव ‘सर्पेंटाइन’, म्हणजे सापासारखा. तेव्हापासून सापाची ही उपमा त्याला चिकटली, आणि तीत तिरस्कारापेक्षा कौतुकच जास्त आहे. २०१५ मध्ये आपल्याकडे ‘मैं और चार्ल्स’ आला. तेथे दिल्लीच्या पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेतून कथा सांगण्याचा आव आहे, पण रणदीप हुडा यांचा चार्ल्स पडद्यावर आला की ती नजरच मोहून जाते. गुन्हेगाराची टोपी, चष्मा, बोलण्याची ढब यांवर जेवढी मेहनत घेतली आहे, तेवढी अधिकाऱ्याच्या मनावर घेतलेली नाही. १९९७ मध्ये भारतातून सुटल्यावर हाच मनुष्य पॅरिसमध्ये बसून मुलाखतींचे पैसे घेत असे. आपल्या पुतळ्याची किंमत त्याला ठाऊक होती, आणि आपण ती मोजत होतो.

बी.बी.सी.ची ‘द सर्पंट’ ही २०२१ मधील आठ भागांची मालिका याला काहीशी अपवाद. तिच्यात बँकॉकमधील डच वकिलातीतला हर्मन क्निप्पेनबर्ग नावाचा एक तरुण अधिकारी आहे. तो पोलीस नव्हे. आपल्या देशाचे एक जोडपे बेपत्ता झाले म्हणून तो कागद गोळा करू लागला आणि वर्षानुवर्षे करीत राहिला. थायलंडच्या पोलिसांना फारशी आस्था नव्हती. वरिष्ठांनी हे तुझे काम नव्हे असे बजावले. २००३ मध्ये शोभराज काठमांडूत पुन्हा पकडला गेला, आणि १९७५ मधील एका खुनाबद्दल त्याला जन्मठेप झाली, तेव्हा त्या जुन्या कागदांचा उपयोग झाला. २०२२ च्या डिसेंबरात तो नेपाळच्या तुरुंगातून सुटून फ्रान्सला गेला. या मालिकेचे नावही सापाचेच. पण मेलेली मुले कोण होती, त्यांना घरी कोण पत्र लिहीत होते, हे ती विसरत नाही. कथेचे माप वाटेल ते असो, मेलेल्यांना त्यात नाव मिळाले पाहिजे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आता मांडलेकरांचा चित्रपट. त्याचे पहिले श्रेय हे की शीर्षकातच पुतळा बदलला आहे. गुन्हेगाराचे खरे नावसुद्धा त्यात नाही. त्याचा कार्ल भोजराज झाला आहे. कायद्याची अडचण असेल, किंवा नसेलही. परिणाम उत्तम झाला आहे. शोभराज म्हटले की जे वलय उभे राहते ते भोजराज म्हटल्यावर राहत नाही. लग्नाच्या जेवणावळीतल्या पाहुण्यासारखे ते नाव वाटते. जिम सर्भ यांनी तो रुबाबात रंगवला आहे, पण दिग्दर्शक त्या रुबाबापुढे लोटांगण घालत नाही. दुसरे श्रेय विनोदाचे. खलपुरुषाचे तेज उतरवायला हशासारखे औषध नाही, हे आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तुटपुंजी साधने, वरिष्ठांची घाई, परक्या गावात अवघडलेले शिपाई, भालचंद्र कदमांचा निरागस चेहरा, यांतून जो हशा उठतो तो पोलिसांना हिणवणारा नाही. ही माणसे आपल्यातली आहेत, एवढेच तो सांगतो. गिरिजा ओक यांच्यामुळे झेंडे यांना घर मिळाले आहे. आणि घर असलेला गुप्त पोलीस आपल्या पडद्यावर दुर्मीळच.

मनोज बाजपेयी यांनी येथे एक गोष्ट फार नेमकी पकडली आहे. गर्दीत उभा राहिला की त्यांचा झेंडे हरवतो. नायकाने हरवावे हे आपल्या नटांना रुचत नाही. पडद्याचा मध्य त्यांना सोडवत नाही. बाजपेयी तो सोडतात. कौटिल्याचा गृहपतिक पाहायचा असेल तर येथे तो क्षणभर दिसतो.

परंतु हाच विनोद पुढे चित्रपटाला महाग पडतो. हशा खलपुरुषाचे तेज उतरवतो तेथवर ठीक. तो त्याची विषबाधाही उतरवू लागला की कथा पोकळ होते. हा मनुष्य माणसे मारतो, हे आपल्याला सांगितले जाते. जाणवत मात्र नाही. त्याच्या हातचा पेला घेणाऱ्या एकाही मुलाची आपल्याला ओळख होत नाही. मग त्याच्या शेजारच्या टेबलावर साध्या कपड्यांत बसण्यात काय धोका होता, हे तरी कसे कळावे? भीती वजा केली की धैर्यही तेवढेच वजा होते. शेवटी झेंडे जिंकतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो, पण त्या खेळात जिंकलेल्या गड्यासाठी वाजवाव्या तशा. परक्या हद्दीत, दगा झाला तर मागून येणारे कोणी नाही अशा ठिकाणी, एका प्रौढ संसारी माणसाने आपला जीव पणाला लावला होता. ही गोष्ट हशाच्या गडबडीत निसटते. विनोद आणि भय एकाच ताटात वाढता येत नाहीत, असे कोणी म्हणेल. पण येतात. चांगल्या वगनाट्यातला राजा हास्यास्पदही असतो आणि त्याच्या हातात फाशीची दोरीही असते.

हा दोष किरकोळ मानून सोडून देता आला असता. बीड जिल्ह्यात राहून ते जमत नाही. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांचा खून करण्यात आला. मूळ कारण पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीचे, असे तपासात पुढे आले. १९९९ चा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा लावण्यात आला आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा न्यायालयाचा, आपला नव्हे. पण एक गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याने विसरू नये. दोषारोपपत्राबरोबरची छायाचित्रे मार्च २०२५ मध्ये लोकांपुढे आली, तेव्हा महाराष्ट्र हादरला तो केवळ क्रौर्याने नव्हे. ते क्रौर्य चालू असताना कोणी तरी त्याची चित्रे काढत होते, याने हादरला. पिस्तूल हातात घेऊन काढलेल्या चित्रफिती मिरवणारी पोरेही त्याच सुमारास आमच्या जिल्ह्याच्या चर्चेचा विषय झाली. ही मुले कोठल्या पुतळ्याकडे पाहून उभी राहण्याची ढब शिकली? एखाद्या चित्रपटाने गुन्हे घडतात, असे मी म्हणत नाही. दारिद्र्य, सत्ता आणि पैसा यांची कारणे फार खोल आहेत. पण ढब मात्र चित्रातूनच येते.

त्याच दिवसांत बीडच्या पोलीस दलाने एक छोटा बदल केला. कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावे काढली, फक्त पहिले नाव ठेवले. आडनावावरून जात आणि जातीवरून पक्ष लोकांनी ठरवू नये, हा हेतू. याने फारसे काय साधेल, असे पुष्कळांनी विचारले. मला मात्र त्यात जुन्या गूढपुरुषाची एक खूण दिसली. पोलिसाने सर्वांचे व्हायचे तर प्रथम स्वतःच्या मोठेपणाची पाटी काढून ठेवावी लागते. पर्वरीला झेंडे आणि त्यांच्या सोबत्यांनी तेच केले होते. त्या सोबत्यांपैकी कितींची नावे आज सामान्य वाचकाला सांगता येतील?

रहस्यकथा वाईट, आणि सत्यकथा तेवढी चांगली, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. दिवाळीच्या फराळाबरोबर रहस्यकथा हवीच. मागणी एवढीच की तिने वाट पाहणे शिकावे. मराठीत पोलीस शिपायाच्या रात्रपाळीवर, साध्या कपड्यांतल्या पहाऱ्यावर, पंचनाम्याच्या कागदावर, परगावी पाठवलेल्या पथकाच्या भत्त्यावर आणि घरी जागणाऱ्या बायकोवर बेतलेली एक मोठी कादंबरी असावी. तिचा नायक शेवटपर्यंत मुखवटा फेकणार नाही, कारण त्याने मुखवटा घातलेलाच नसेल. गुन्हेगार तिच्यात येईल. भीतीही येईल, खरीखुरी. पण कथा त्याची नसेल. ‘इन्स्पेक्टर झेंडे’ने त्या दिशेचे एक हसरे पाऊल टाकले आहे. ते अर्धेच पडले, तरी दिशा बरोबर आहे, आणि आपल्या माणसाने ते टाकले याचा आनंद मोठा आहे.

म्हणून या सुटीत घरातल्या मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा. ती पोट धरून हसतील, हसू द्यावे. मग दिवा मालवण्यापूर्वी त्यांना चित्रपटाने न सांगितलेले थोडेसे सांगावे: की हा मनुष्य ज्या मुलांना फसवत होता ती त्यांच्या मोठ्या भावंडांएवढीच होती, की ती घरी परत गेली नाहीत, आणि त्यांच्यासाठी मुंबईतला एक साधा गृहस्थ परक्या गावी, बेड्यांवाचून, शेजारच्या टेबलावर जाऊन बसला होता.